सरव्याचा वाटाणा

देवमनमामांची आणि माझी ओळख माझ्या बुटांमुळे झाली. अकोल्याच्या बाहेर असलेल्या एका संशोधन केंद्रात, कडधान्यांच्या विभागात, मी नुकतीच रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी नवे पांढरे बूट घालून, फाईल काखेत मारून, मी पेरलेल्या वाफ्यांतून तरातरा चालत निघाले. मागून आवाज आला. चढा नाही, अगदी शांत.

"म्याडम, तुमी ज्यायच्या अंगावरून चालून राहिल्या न, थे अजून जन्मले बी नाई."

मी वळून पाहिलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक उंच काटकुळा माणूस उभा होता. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि पाय अनवाणी. चपला धुऱ्यावर शेजारीशेजारी काढून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. मी अचलपूरची. बोलण्यात हार खायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हटलं, "मी इथली नवीन अधिकारी आहे."

"मंग त तुमाले आंधी समजाले पायजे," ते म्हणाले आणि माझ्या बुटांकडे पाहत राहिले. मी काढेपर्यंत पाहत राहिले.

कागदोपत्री ते केंद्राचे मुकादम होते. शिक्षण चौथी. आमच्या विभागात माझ्यासकट पदव्यांची रांग लागलेली होती, पण पेरणीची तारीख मात्र ठरायची ती मामांच्या टाचेवर. सकाळी ते वाफ्यात उतरत, टाच मातीत रोवून अर्धं वळण घेत, क्षणभर थांबत आणि सांगत, "आज नाई" किंवा "चाला". माझ्याजवळ ओल मोजायचं यंत्र होतं. चांगलं महागाचं होतं आणि मला त्याचा फार दिमाख होता. पहिल्या हंगामात यंत्र म्हणालं, ओल भरपूर आहे, बी वरच टाका. मामा म्हणाले, चार बोटं खाली घ्या.

"काहून?" मी विचारलं. "यंत्र तर ओल दाखवतंय."

"दाखवन न. वरची ओल पाव्हनी हाये म्याडम. चहा पिऊन जाईन. घरची ओल खाली रायते."

मी हट्टाने अर्धा वाफा माझ्या मताने पेरला. आठ दिवस ऊन पडलं. मामांच्या अर्ध्यात हिरव्या रेघा उमटल्या आणि माझ्या अर्ध्यात कबुतरं चरत होती. मी तिथून जाताना मामा फक्त दुसरीकडे पाहायचे, आणि ते त्यांचं दुसरीकडे पाहणं बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. त्या हंगामानंतर ते यंत्र मी कपाटात ठेवलं नाही, पण मामांना विचारल्याशिवाय बाहेरही काढलं नाही.

वाटाण्याच्या जातींना आम्ही क्रमांक देतो. मामांसाठी ते क्रमांक म्हणजे वर्गातली पोरं. "तेवीस नंबर भल्ला नखरेल हाये. पानी नाई भेटलं का तोंड पाडते." "सतराचं तसं नाई. सतरा गरीब घरचा हाये, पन दोन शेंगा जास्त देईन." एखाद्या जातीवर भुरी रोग आला तर त्या दिवशी मामांचं जेवण अर्धं. मात्र शेतात उभं राहून ते कोणत्याही पिकाचं कौतुक करत नसत. कौतुक करायचं ते गोदामात, दार लावून, दबक्या आवाजात. "वावर आयकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. वर्षातून दोनच दिवस ते रजा घेत, स्वतःच्या गावच्या पेरणीसाठी. बाकी लग्न असो, मयत असो, दुपारी का होईना वाफ्यावर चक्कर व्हायचीच.

त्यांचं गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारट. पिकाला द्यावं तर पीक करपतं आणि जमीन बिघडते. मामा म्हणायचे, "आमच्या हिरीचं पानी चहात टाकलं त साखर लाजते." अशा जागी पिकवायचं ते काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर. मामांची तीन एकरं होती, आणि त्या तीन एकरांत आजोबांपासून चालत आलेला एक वाटाणा होता.

हा वाटाणा म्हणजे हिवाळ्यात भाजीबाजारात येतो तो गोड, हिरवागार, ओलिताचा लाडोबा नव्हे. हा बारीक, राखाडी, अंगावर तपकिरी ठिपके असलेला. फूल जांभळं. वाळवून त्याची उसळ करायची, डाळ करायची, पीठ करून भाकरीत घालायचं. दिसायला इतका साधा, की सोयाबीन आणि चांगल्या भावाचा हरभरा आल्यावर गावाने तो सोडून दिला. पाहुण्यांना वाढायला लाज वाटते, असं लोक म्हणत. मामांनी मात्र एका कोपऱ्यात तो चालू ठेवला. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या आज्याले त्यानं जगवलं. मी त्याले जगवतो. फिटन केव्हा त फिटन."

आता पाखराच्या ओळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

चाचणीच्या प्लॉटला चारी बाजूंनी एक जादा ओळ पेरतात. तिचं वजन कोणी घेत नाही. गुरांनी तोंड घातलं, पाखरांनी दाणे टिपले, तर ते तिथंच व्हावं आणि आतले वाफे वाचावेत, एवढंच तिचं काम. कागदावर तिला संरक्षक ओळ म्हणतात. मामा तिला पाखराची ओळ म्हणत. तिच्यासाठी येणारं बी दरवर्षी कमी पडायचं, आणि मामा कोणाला न सांगता घरून डबा भरून आणायचे. म्हणजे आमच्या भारी भारी जातींभोवती इतकी वर्षं मामांच्या गावचा वाटाणा राखणीला उभा होता, आणि आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या तिसऱ्या हंगामात पाऊस गणपतीबरोबरच निघून गेला. दिवाळीपर्यंत जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या. आमच्या चाचणीतल्या जाती डिसेंबरात माना टाकू लागल्या. तेवीस नंबरने तर तोंड पाडलं ते पाडलंच. आणि काठाची ती जादा ओळ मात्र चारी बाजूंनी हिरवी, जांभळ्या फुलांनी भरलेली, खाली शेंगा धरलेली. मी चार शेंगा तोडून मामांकडे धावत गेले. मला वाटलं, मी मोठाच शोध लावला.

मामांनी शेंग फोडली, दाणे पाहिले आणि माझ्या उत्साहावर पाणी ओतलं.

"हे काही खरं नाई म्याडम. काठावरचं झाड सदाच जोरात रायते. त्याले एका अंगानं शेजार नाई. जागा बी जास्त, ओल बी जास्त."

"पण मामा, जांभळं फूल, ठिपक्यांचा दाणा. हा तुमचा वाटाणा आहे ना?"

"म्हनूनच म्हनतो. मधात पेरून पाहा. भावायच्या मधात बसून जो पोटभर जेवला, थो खरा."

मला त्यांचा राग आला होता. स्वतःच्या वस्तूची स्वतःच किंमत कमी करणाऱ्या माणसांचा मला नेहमी राग येतो. पण रात्रभर विचार केल्यावर कळलं, की काठाच्या झाडाबद्दलचं हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि शेंगा पाहताक्षणी विसरले होते. मामा विसरले नव्हते, आणि तेही त्यांचं स्वतःचं पीक असताना.

पुढच्या वर्षी मी मामांचा वाटाणा चाचणीत घालायचं ठरवलं. विभागाचे मोठे साहेब हसले. "मुकादमाचा वाटाणा?" म्हणाले. मी महिनाभर त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. शेवटी आठ जातींपैकी एकीचं बी उगवण चाचणीत नापास झालं, जागा रिकामी राहिली, आणि साहेब वैतागून म्हणाले, "घाल एकदाची." नियम सरळ होता. आठ जाती, कोरडवाहू, पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही. प्रत्येक जात तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणचं वजन मिळून जी पहिली येईल ती पुढच्या चाचणीला जाणार. तिला मग नाव मिळतं, तिचं पाकीट निघतं, ती शेतकऱ्यांपर्यंत पोचते. दुसरी आलेली वहीत राहते. आणि मे महिन्यात मामा निवृत्त होणार होते. ही संधी एकदाच होती.

मामा कधी काही मागत नसत, पण म्हणून त्यांना काही नको होतं असं नाही. पेरणीच्या आदल्या दिवशी गोदामात बियांच्या पुड्या बांधताना त्यांनी दोरीला गाठ मारता मारता विचारलं, "पाकिटावर गावाचं नाव छापतेत का म्याडम?"

"जातीला गावाचं नाव देता येतं. का?"

"काई नाई. आमच्या गावाचं नाव आजवर फक्त एसटीच्या पाटीवर होतं. थे बस बी आता बंद झाली."

एवढंच म्हणाले आणि पुढची पुडी घेतली. पण त्या दिवसापासून मला त्या पाकिटाची जेवढी ओढ लागली तेवढी स्वतःच्या बढतीचीही कधी लागली नव्हती.

कोणती जात कुठे पेरायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे कोणाला झुकतं माप नको. चिठ्ठ्या मी काढल्या. मामांच्या वाटाण्याच्या दोन जागा बऱ्या आल्या. तिसरी आली ती नेमकी चोपणात. प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात हातरुमालाएवढा एक चोपण तुकडा होता. ओला झाला की चिखल, वाळला की फरशी. तिथं काही धड येत नसे. मी इकडेतिकडे पाहिलं. साहेब नव्हते.

"मामा, ही चिठ्ठी परत काढू."

"काहून?"

"चोपणात आलाय तुमचा."

"आपल्या पोराले पेपर कठीन गेला म्हनून दुसरा पेपर मांगते का कोनी?" ते म्हणाले, आणि चपला काढून चोपणात उतरले.

तो सगळा हिवाळा मी मामांवर नजर ठेवून होते. ते सात जातींपाशी थांबत, पानं उलटून पाहत, शेंगा मोजत. आठवीपाशी आले की मान फिरवून पुढे निघून जात. एकदा मी पकडलंच. "मामा, त्याच्याकडे बघत का नाही तुम्ही?"

"माह्यी नजर लागन."

"स्वतःची कोणाला लागते का?"

"आपलीच लय लागते," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

मोजणीचं काम मग मीच केलं. चोपणात तो बुटका राहिला होता, पण शेंगांनी भरला होता. शेजारचा सतरा नंबर तिथं केविलवाणा दिसत होता. जानेवारी संपेपर्यंत मला खात्री वाटू लागली होती, आणि खरं सांगते, साहेबांचं तोंड कसं होईल याची मी मनात तालीमही करून ठेवली होती.

मामांचा वाटाणा सगळ्यांच्या आधी वाळला. नेमकं त्याच वेळी माझ्या मावसबहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, शेंदूरजनाघाटला. दोन दिवसांचाच प्रश्न होता. मामा असताना काढणीची काळजी करायचं कारणच नव्हतं. मामांची शिस्त तर रोजावरच्या बायांना नको व्हायची. झाडं उपटून नेल्यावर मामा त्या बायांना घेऊन वाफ्यात पुन्हा उतरत आणि गळालेली प्रत्येक शेंग, फुटलेला प्रत्येक दाणा वेचून त्या त्या क्रमांकाच्या पिशवीत टाकायला लावत. भेगेत गेलेला दाणा ते काडीने उकरून काढत. "सरकारचा दाना हाये, मातीत ठेवता येत नाई," म्हणत. त्या बायांची म्होरकी शेवंताबाई त्यांच्या तोंडावर म्हणायची, "मामा, तुमी मेल्यावर सरगाचे दाने बी मोजसान."

मी परत आले तेव्हा मामा धुऱ्यावर बसले होते. पायांत चपला होत्या. वाफ्याच्या कडेला मामांच्या पायांत चपला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"म्याडम, मी चुकलो," ते म्हणाले.

झालं होतं असं. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी त्यांच्या वाटाण्याची उपटणी केली. तिन्ही वाफे. झाडं बांधली, चिठ्ठ्या लावल्या, गोदामात पाठवली. मग ते वाफ्याबाहेर आले, रिकाम्या जमिनीला हात जोडले आणि बायांना म्हणाले, "घ्या माय, सरवा तुमचा."

पीक काढल्यावर शेतात जे गळून राहतं तो सरवा. स्वतःच्या शेतात मालकाने तो उचलायचा नसतो. तो वेचणाऱ्याचा असतो, मजुरांच्या बायांचा, पाखरांचा. मामांच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलं होतं. एकोणतीस वर्षं सरकारी वाफ्यातला दाणा न् दाणा उकरून काढणारा हा माणूस, समोर आपल्या आज्याचा वाटाणा पाहिला आणि हे सरकारी वावर आहे हेच विसरला. आपल्याच शेतात उभे आहोत असं समजून त्याने सरवा सोडून दिला. बायांनी ओट्या भरून नेल्या. आणि गावरान वाटाण्याची शेंग वाळली की तडकते, म्हणजे इतर जातींपेक्षा त्याचा सरवाही जास्त. दुसऱ्या दिवशी सतरा नंबर उपटून झाला, मामा सवयीने गळालेल्या शेंगा पिशवीत टाकायला वाकले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मी मामांवर ओरडले. आयुष्यात एकदाच. शेवंताबाई तिथंच होती. ती म्हणाली, "दाने घरीच हायेत न. अजून शिजवले नाई कोनी. मी जाऊन साऱ्यायकून आनतो, घंटाभरात."

मामांनी मान हलवली. "सरवा वापस घेत नाईत शेवंता. आन् घरून आनलेला दाना कोनत्या वाफ्यातला, हे कोन सांगन?"

"मग मी अंदाजाने धरते," मी म्हटलं. "इतर जातींचा सरवा किती निघतो ते वेगळं मोजू. त्या हिशेबाने टाकते."

मामा उठून उभे राहिले. "मंग बाकीच्या सात जनायले काय सांगसान? तुमचा मोजला, त्याचा अंदाजानं धरला?"

सात जणांना. त्यांच्या लेखी ती सात माणसं होती आणि त्यांच्यापुढे तोंड दाखवायचं होतं.

वजन झालं. मामांचा वाटाणा दुसरा आला. पहिल्या जातीत आणि त्याच्यात पाव किलोचंही अंतर नव्हतं. तेवढं तर एकट्या शेवंताबाईच्या ओटीतून गेलं असेल. मी वहीत आकडा लिहिला तेव्हा मामा शेजारी उभे होते. त्यांनी पेन्सिलीचा तुकडा काढून आपल्या छोट्या वहीतही मोठ्या अक्षरांत तोच लिहून घेतला. "दुसरा बी काई खराब नाई," म्हणाले. "चोपनातून आला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मात्र गोदामात जाऊन दार लावून रडले, आणि रडताना मला दुःखापेक्षा अभिमानच जास्त वाटत होता, हे तेव्हाही कळत होतं.

मे महिन्यात निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी भाषण केलं, त्यात वाटाण्याचा उल्लेख नव्हता. मामांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मले बोलता येत नाई. वाफ्याची दोरी गोदामात उजव्या खिळ्याले हाये. नवा मुकादम येईन त्याले म्हना, चपला काढजो." आणि खाली बसले.

त्यानंतर तीन वर्षं आमची भेट नव्हती. मामांजवळ फोन होता, पण तो बहुतेक नातू खेळायला घ्यायचा. मी नवीन चाचण्यांत गुंतले. पहिली आलेली जात पुढच्या चाचणीत पडली, हेही त्या गडबडीत कानावर आलं.

यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेवंताबाईचा फोन आला. "म्याडम, वाटान्याची उपटनी हाये माह्या वावरात. मामा येऊन राहिले. तुमी बी या."

"तुझ्या वावरात वाटाणा?" मी विचारलं. तिची दोन एकर कोरडवाहू होती हे मला माहीत होतं, पण तिथं ती हरभरा पेरायची.

"या त खरं," ती म्हणाली.

ऑटोने गेले. गावाच्या अलीकडेच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मला ती वाळत आलेली बुटकी झाडं दिसू लागली. एक शेत, दुसरं, मध्ये हरभरा, पुन्हा तेच. मागे राहिलेली चार-दोन जांभळी फुलंही दिसली. मी ऑटोवाल्याला विचारलं, "हा कोणता वाटाणा हो?"

"सरव्याचा वटाना म्हनतेत याले," तो म्हणाला. "इकडे सारेच लावून राहिले. पानी नाई लागत त्याले."

शेवंताबाई धुऱ्यावर भेटली. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगितलं. "त्या दिवशी चुलीवर आधन ठेवलं होतं म्याडम. उसळच टाकत होती. मंग मनात आलं, ज्या मानसानं आपला नंबर जाऊ देला पन सरवा नाई मांगितला, त्याचा दाना शिजवाव कसा? मी ठेवला. बाकीच्या बायायले बी सांगतलं. पुढच्या साली धुऱ्याच्या कडेनं टाकला. मंग एक तास, एक ओळच म्हना, मंग पंधरा तासं. आता हे पाहा."

ज्या पाव किलोने पाकीट गेलं होतं, तो पाव किलो समोर उभा होता.

मामा दुपारच्या आत आले. वाकले होते थोडे, हातात काठी होती. चपला धुऱ्यावर काढून शेजारीशेजारी ठेवल्या. माझ्याकडे पाहून नुसते हसले. मग मला कळलं ते इतक्या लांब का आले होते. यंदा त्यांच्याकडे पाऊस दिवाळीपर्यंत हटला नव्हता. वाटाणा कोरड सहन करतो, पण साचलेलं पाणी नाही. मामांनी पेरलेलं सडलं. राखून ठेवलेलं बी काढून दुसऱ्यांदा पेरलं, तेही गेलं. आजोबांपासूनचा वाटाणा मामांच्या घरात एक दाणा उरला नव्हता.

शेवंताबाईला हे ठाऊक होतं. तिने मागच्या सालच्या निवडलेल्या बियांचं एक पोतं शिवून आधीच धुऱ्यावर आणून ठेवलं होतं. "हे तुमचं, मामा. ऑटोत टाकून देतो."

मामांनी पोत्यावर हात ठेवला. बाहेरूनच दाणे चाचपले. मग हात काढून घेतला.

"पोतं नको."

"तुमचंच त हाये थे."

"माह्यं होतं. तुले देलं. देलेलं वापस घेतलं त त्या दिवशीच नसतं का घेतलं?"

शेवंताबाई रागावली, रडकुंडीला आली, मला म्हणाली, तुमी त सांगा. मी काय सांगणार होते. इतक्या वर्षांत या माणसाला कोणी काही सांगू शकलं नव्हतं, आणि आता तर मला सांगायचंही नव्हतं. मामा काठीवर हनुवटी ठेवून धुऱ्यावर बसून राहिले. बाया झाडं उपटत पुढे सरकत होत्या. शेंगा तडकून दाणे काळ्या मातीत उडत होते.

शेवटची पेंढी बांधून झाली. शेवंताबाई शेताबाहेर आली, पदर सारखा केला आणि रिकाम्या जमिनीला हात जोडले. मग ती आमच्याकडे वळली. तिला ते आत्ता सुचलं की सकाळपासून ठाऊक होतं, मला माहीत नाही.

"घ्या मामा," ती म्हणाली. "सरवा तुमचा."

मामा लगेच उठले. काठी धुऱ्यावर टाकली, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधून त्याची ओटी केली आणि आत उतरले. एक एक दाणा, एक एक शेंग, भेगेत गेलेला काडीने उकरून. मी पाहत उभी होते. मोठमोठ्या सभागृहांत मोठमोठ्या माणसांचे सत्कार मी पाहिले आहेत, पण कोणाचाही इतका अभिमान मला कधी वाटला नाही.

"म्याडम," मामा मान वर न करता म्हणाले, "उभ्या काय राहिल्या? वाका."

मी बूट काढले, त्यांच्या चपलांशेजारी ठेवले आणि वाकले.